सपाट वळणावर गाडीला आत कोण ढकलतं? फ्रिक्शन आणि सेंट्रिपिटल फोर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची मुलं आणि त्यांना क्लासला सोडायला येणारे पालक, दोघांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. मुलांना मार्कांसाठी हवं असतं, पालकांना पावसात गाडी चालवायची असते म्हणून. उत्तर मात्र दोघांना एकच आहे, त्यामुळे सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवलंय. फ्रिक्शन म्हणजे घर्षण आणि सेंट्रिपिटल फोर्स म्हणजे गोल फिरायला लागणारा, सेंटरकडचा फोर्स.

सपाट वळण म्हणजे नक्की कुठलं? मुंबईत असतं का असं?

ज्या वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलता केलेला नसतो ते सपाट वळण. दादर, गिरगाव, पार्ल्यातली जवळपास सगळी गल्लीची वळणं, सिग्नलचे टर्न आणि यू-टर्न यातच धरा. पण एक गोष्ट पुस्तकात नसते, ती अशी की आपला रस्ता अगदी पाटासारखा सपाट नसतोच, पाणी वाहून जावं म्हणून मध्ये किंचित उंच आणि दोन्ही कडांना साधारण २ टक्के उतरता असतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डावीकडे वळताना हा उतार आपल्या मदतीला येतो आणि उजवीकडच्या वळणावर तोच उतार गाडीला बाहेर सोडतो. म्हणजे तेच वळण, तोच स्पीड, पण उजवीकडे वळताना ग्रिप थोडी कमीच धरायची. गणितात हे सोडून देतात, चालवताना सोडू नका.

सर, गाडीला वळवतं कोण? इंजिन की स्टिअरिंग?

दोन्ही नाही, रस्ता वळवतो. हे पहिल्यांदा ऐकून कोणालाच पटत नाही म्हणून नीट बघू. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं तिरकी होतात, बस, स्टिअरिंगचं काम तिथे संपलं. गाडीला अजून सरळच जायचंय, पण चाक आता वेगळ्या दिशेला तोंड करून आहे, म्हणजे सरळ जायचं तर चाकाला आडवं घासत जावं लागेल. रबर आणि डांबर हे आडवं घसरणं होऊ देत नाहीत, टायरचा जो भाग रस्त्याला चिकटलेला असतो तो आडवा ताणला जातो आणि रस्ता त्या टायरला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलतो. गाडीचं तोंड वळलं की मागची चाकंही तेच करायला लागतात. आता एकदा खाली वाकून टायर रस्त्याला कुठे टेकलाय ते बघा, एका वेळी साधारण तळहाताएवढाच भाग टेकलेला असतो. चार तळहात रबर, त्याच्यावर आख्खी गाडी आणि आतली माणसं वळतात. मला हा सगळ्या चॅप्टरमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो आणि नेमका तोच शिकवताना उडवला जातो, कारण डायग्राममध्ये गाडी म्हणजे एक ठिपका.

फ्री बॉडी डायग्राममध्ये (गाडीवरचे सगळे फोर्स बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत) फ्रिक्शन आणि सेंट्रिपिटल फोर्स असे दोन बाण काढायचे ना?

नाही! एकच बाण, फ्रिक्शनचा, सेंटरकडे. दुसरा काढलात की फोर्स डबल झाला आणि पुढचं सगळं चुकलं. सपाट वळणावर गाडीवर खरे फोर्स तीनच: वजन खाली, नॉर्मल रिॲक्शन, म्हणजे रस्ता गाडीला उलटं ढकलतो तो फोर्स, वर आणि फ्रिक्शन आडवं आतल्या बाजूला. वजन आणि नॉर्मल एकमेकांना कॅन्सल करतात, उरलं फ्रिक्शन. गोल फिरायला जेवढा फोर्स लागतो, म्हणजे मास गुणिले स्पीडचा स्क्वेअर भागिले त्रिज्या, तेवढा कोणीतरी द्यायलाच हवा, आणि सपाट रस्त्यावर तो द्यायला फ्रिक्शनशिवाय दुसरं कोणी नाहीच. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या सॅटेलाइटसाठी हेच काम ग्रॅव्हिटी करते.

चाक तर गरागरा फिरतंय, मग फ्रिक्शन स्टॅटिक कसं?

चाक फिरतंय पण घसरत नाहीये, फरक तिथेच आहे. न घसरता पुढे जाणाऱ्या चाकाचा जो बिंदू रस्त्याला टेकतो तो त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत थांबलेला असतो, पुढच्या क्षणी तो उचलला जातो आणि दुसरा बिंदू येतो. म्हणून स्टॅटिक, म्हणजे एकमेकांवर न घसरणाऱ्या पृष्ठभागांमधलं फ्रिक्शन. आणि स्टॅटिक असण्याचा फायदा असा की हे फ्रिक्शन गरजेपुरतंच येतं, लिमिटपर्यंत. इथे बरीच मुलं डोळे झाकून फ्रिक्शन बरोबर म्यू एम जी (म्यू म्हणजे ग्रिप किती ते सांगणारा आकडा, एम मास, जी ग्रॅव्हिटीचं ॲक्सिलरेशन, ९.८) लिहून मोकळी होतात, तर तसं नाही, म्यू एम जी ही फक्त वरची मर्यादा आहे. हळू वळलात तर थोडंच फ्रिक्शन लागतं आणि तेवढंच येतं.

फोर्स आतल्या बाजूला आहे तर आपण बाहेर का फेकले जातो?

शेअर रिक्षात डाव्या कडेला बसलात आणि रिक्षा झटकन उजवीकडे वळली की हात आपोआप दांड्याला जातो, कारण डावी बाजू उघडी. तिथे काय होतंय बघा. तुम्हाला कोणी बाहेर ढकलत नाहीये, तुमचं शरीर सरळच चाललंय आणि रिक्षा तुमच्या खालून उजवीकडे निघाली. सीटचं फ्रिक्शन तुम्हाला रिक्षाबरोबर वळवायला पुरलं नाही, म्हणून उरलेला फोर्स दांडा देतो, तो तुम्हाला आत ओढतो. फूटपाथवर उभं राहून बघणाऱ्याला यात बाहेरच्या दिशेचा एकही फोर्स सापडणार नाही. रिक्षात बसून हिशोब मांडायचा असेल तर सेंट्रिफ्युगल फोर्स घ्यावा लागतो, तो स्यूडो फोर्स, फिरत्या फ्रेममध्ये, म्हणजे रिक्षातून बघताना, न्यूटनचे नियम चालावेत म्हणून धरलेला. तसा हिशोब चुकीचा नाही, फक्त एका उत्तरात दोन्ही फ्रेम मिसळू नका, निम्मे मार्क तिथेच जातात.

डॅशबोर्डवर नुसता ठेवलेला मोबाइलही हेच दाखवतो. त्याचा म्यू समजा ०.३ आहे आणि टायर-रस्त्याचा ०.७. एकाच वळणावर दोघांनाही प्रत्येक किलोमागे तेवढाच फोर्स लागतो, मोबाइलला तो मिळत नाही म्हणून तो सरकत जातो आणि गाडी मात्र मस्त वळते. शेजारचा गणपती हलत नाही कारण तो डबल टेपने चिकटवलेला असतो.

आकडे घालून दाखवा ना, किती स्पीडला गाडी सुटते?

घ्या. गाडी १००० किलो, वळणाची त्रिज्या ५० मीटर, कोरडा डांबरी रस्ता, म्यू ०.७. फ्रिक्शनची मर्यादा ०.७ गुणिले १००० गुणिले ९.८, म्हणजे ६८६० न्यूटन. आता ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर या स्पीडला लागणारा फोर्स २००० न्यूटन, आरामात. ताशी ५४ ला ४५०० न्यूटन, अजून ठीक. ताशी ७२ ला ८००० न्यूटन, आणि रस्ता द्यायला तयार आहे ६८६०, त्यामुळे ती गाडी ५० मीटरच्या त्रिज्येत वळणारच नाही, तुम्ही कितीही चांगले ड्रायव्हर असा. मर्यादेचा स्पीड निघतो म्यू, जी आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून, इथे सेकंदाला १८.५ मीटर, म्हणजे ताशी साधारण ६७ किमी.

यातलं मनात ठसवायचं ते हे की स्पीड डबल केला तर फोर्स चौपट लागतो. ३६ ला वळण अगदी आरामात गेलं म्हणून ७२ ला थोडंसं कठीण जाईल असं वाटतं, शरीराला तसंच वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. त्रिज्येचंही बघा, गल्लीच्या १० मीटरच्या वळणाला हीच मर्यादा ताशी ३० वर येते आणि ६ मीटरच्या यू-टर्नला ताशी २३ वर.

मरीन ड्राइव्ह तर आख्खाच वाकडा आहे, तिथे काही जाणवत का नाही?

त्रिज्या प्रचंड आहे म्हणून. हिशोबासाठी १ किलोमीटर जरी धरली तरी ताशी ६० ला गाडीच्या वजनाच्या जेमतेम ३ टक्के फोर्स लागतो, एवढा अंगाला कळतही नाही.

जड गाडी जास्त चिकटून वळते असं म्हणतात, खरं का?

मास दोन्हीकडे आहे, लागणारा फोर्सही तेवढ्याच पटीत वाढतो आणि मिळणारं फ्रिक्शनही, त्यामुळे कॅन्सल होतो. रिकामी कार आणि चार माणसं बसलेली कार, घसरायचा स्पीड कागदावर एकच. प्रत्यक्षात टायरवर लोड वाढला की म्यू किंचित कमीच होतो, म्हणजे जड गाडीला झालाच तर थोडा तोटा. आणि टपावर सामान बांधलं असेल तर उलटण्याची भीती वाढते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पावसात नक्की काय बदलतं?

म्यू बदलतो, बाकी सगळं तेच राहतं. ओल्या रस्त्यावर ०.४ धरा, वरच्याच ५० मीटरच्या वळणावर मर्यादा ताशी ६७ वरून ५० वर आली. कोरड्यात जे ताशी ५४ अजून ठीक होतं, त्याला लागतात ४५०० न्यूटन आणि ओला रस्ता देणार फक्त ३९२०. तेच वळण, तोच स्पीड, तोच ड्रायव्हर, आणि गाडी कठड्यावर.

आणि मुंबईत ओला रस्ता म्हणजे नुसता ओला डांबरी रस्ता नसतो, हे मला मुद्दाम लिहायचंय. जूनमधला पहिला पाऊस सगळ्यात वाईट, कारण आठ महिने रस्त्यावर बसलेलं ऑइल, धूळ, टायरचं रबर या सगळ्याचा पाण्याबरोबर चिकट थर होतो आणि तो धुऊन जायला दोन-चार जोरदार सरी पडाव्या लागतात, तोपर्यंत रिमझिम पाऊस हा धो धो पावसापेक्षा जास्त घसरडा. मग जंक्शनवर बसवलेले पेव्हर ब्लॉक, गुळगुळीत झालेले. खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, त्यांच्यावर पाणी असलं की म्यू किती खाली जातो ते बाइकवाल्यांना विचारा, मॅनहोलची झाकणंही तशीच. आणि हे सगळं नेमकं वळणावर असतं, कारण जंक्शन तिथेच. हायवेवर ऑइल सांडलं की फायर ब्रिगेडवाले येऊन माती टाकतात, ते दुसरं काही नाही, म्यू परत वर आणणंच आहे.

पाणी जास्त साचलेलं असेल आणि स्पीड असेल तर टायर पाण्याच्या थरावर तरंगायला लागतो, त्याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, चाक रस्त्याला टेकलेलंच नाही. टायरच्या नक्षीतल्या खाचा पाणी बाहेर काढायलाच असतात. कारच्या टायरमध्ये खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. हे बघायला मेकॅनिक लागत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून दिसतं, मेच्या शेवटी एकदा बघून घ्याच.

वळणावर ब्रेक मारू नये म्हणतात, का?

कारण फ्रिक्शन एकच आहे आणि त्यातूनच वळणंही होतं आणि थांबणंही. वरच्याच ५० मीटरच्या कोरड्या वळणावर टायर जास्तीत जास्त ६८६० न्यूटन देणार, दिशा कुठलीही असो. वळणाचा फोर्स आडवा आणि ब्रेकचा मागे, दोन्ही काटकोनात, त्यामुळे पायथागोरसने जोडायचे. ताशी ५४ ला वळणात ४५०० न्यूटन गेले तर ब्रेकला साधारण ५१८० उरतात, बरेच आहेत. पण ताशी ६५ च्या आसपास वळणातच ६४८० जातात आणि ब्रेकला उरतात जेमतेम २२५०. तिथे घाबरून पाय दाबला की एकूण मागणी मर्यादेच्या वर, टायर सुटला, आणि सुटलेला टायर ना नीट थांबवतो ना वळवतो. चाक लॉक झालं तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ घसरत जाते, एबीएस हेच टाळायला आहे, तो चाक फिरतं ठेवतो म्हणजे थोडी तरी दिशा हातात राहते. पण एबीएस म्यू वाढवत नाही, तेवढं पक्कं लक्षात असू द्या. स्पीड वळणाच्या आधी कमी करायचा, सरळ रस्त्यावर, जिथे सगळं फ्रिक्शन ब्रेकलाच मिळतं.

ग्रिप सुटली की गाडी थेट बाहेर, सेंटरच्या विरुद्ध दिशेला जाते का?

नाही. गोफण सुटली की दगड त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता तिकडे जातो, हाताच्या विरुद्ध दिशेला नाही. गाडीही साधारण तशीच स्पर्शरेषेवर निघते, फक्त तिच्यावर घसरतानाचं कायनेटिक फ्रिक्शन असतं त्यामुळे ती हळू होत, थोडी वळत, मोठ्या त्रिज्येने जाते. पुढची चाकं आधी सुटली तर स्टिअरिंग अजून फिरवायचा मोह होतो, त्याने टायर आणखी आडवा घासतो. ॲक्सिलरेटर हलका सोडायचा आणि स्टिअरिंग किंचित परत आणायचं, चाक पुन्हा पकडायला लागतं.

डबलडेकर, टेम्पो, रिक्षा घसरण्याआधी उलटतील का?

हा प्रश्न खरंच छान आहे. फ्रिक्शन लागतं जमिनीवर आणि वजन असतं वर, त्यामुळे वळणावर गाडी बाहेरच्या चाकांवर कलायला बघते. उलटण्याची मर्यादा म्यूवर नसते, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या (जिथे सगळं वजन एकवटलंय असं धरतात तो बिंदू) उंचीची दुप्पट, एवढ्यावर असते. हा आकडा म्यूपेक्षा मोठा असेल तर गाडी आधी घसरते, लहान असेल तर आधी उलटते. कारमध्ये अंतर दीड मीटर, उंची ०.५५ धरली तर हा आकडा १.३६ येतो, म्यू ०.७ च, म्हणजे कार आधी घसरते. टेम्पोत वरपर्यंत माल भरला, अंतर पावणेदोन आणि उंची दीड मीटर झाली की आकडा ०.५८, आता तो कोरड्या रस्त्यावर घसरण्याआधीच उलटेल. जास्त ग्रिप इथे उलट धोक्याची ठरते.

डबलडेकर उंच दिसते पण इंजिन, चासी सगळं जड सामान खाली असतं, आताच्या इलेक्ट्रिक डबलडेकरला तर बॅटरीचंही वजन आहे. लंडनला डबलडेकर रस्त्यावर आणताना वरच्या मजल्यावर माणसांइतकं वजन ठेवून २८ अंश कलवून बघत, टॅन २८ म्हणजे ०.५३, म्हणजे वजनाच्या निम्म्याहून जास्त आडवा फोर्स लागला तरी ती उभी राहते. मुंबईत डबलडेकर १९३७ पासून आहेत, जुन्या डिझेलवाल्या २०२३ मध्ये निवृत्त झाल्या.

रिक्षाचं वेगळं, तिला पुढे एकच चाक. ती बाहेरच्या मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंतच्या तिरक्या रेषेवरून उलटते आणि ती रेषा वजनाच्या जास्त जवळ असते. वळणावर ब्रेक लावला की वजन पुढे जातं, जिथे रुंदी सगळ्यात कमी.

बाइक कलवली की वळते ना? मग फ्रिक्शन कशाला?

कलणं हे उलटून पडू नये म्हणून, वळवणारा फोर्स तरीही फ्रिक्शनच. ताशी ३६ ला २० मीटरच्या वळणावर साधारण २७ अंश कलावं लागतं, आणि त्यासाठी म्यू किमान ०.५१ हवा. ओल्या रस्त्यावर तेवढा नसला तर कितीही सुंदर कलवा, चाक खालून निघून जाणार. कारची दोन चाकं सुटली तर बाकीची दोन असतात, बाइकला ती सोय नाही. जेजे फ्लायओव्हरच्या वळणांवरून जाताना हे डोक्यात येतं, तिथे टू-व्हीलरला बंदीच आहे.

फॉर्म्युल्यात टायरची रुंदी नाही, मग रुंद टायर कशाला घेतात?

फॉर्म्युला साध्या घन वस्तूंचा आहे, रबर तसं वागत नाही. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत रुतून बसतं, रुंद टायरवर प्रत्येक भागावरचा ताण कमी होतो आणि तो गरमही कमी होतो. रेसच्या गाड्या कोरड्यात बिननक्षीचे टायर वापरतात, शिवाय हवेने गाडी खाली दाबून नॉर्मल रिॲक्शन वाढवतात. आपल्याला रुंदीपेक्षा हवेचं प्रेशर आणि नक्षी महत्त्वाची.

कोस्टल रोडवर सरळ भागात ८० आणि वळणांवर ४० ची लिमिट का?

लिमिट निम्मी म्हणजे लागणारा फोर्स पाव, आता कळलं असेल. शिवाय लिमिट ठरवताना ओला रस्ता, झिजलेले टायर, अचानक मारलेला ब्रेक हे सगळं धरून ठेवावं लागतं, त्यामुळे कोरड्या दिवशी ती फारच कमी वाटते.

लोकलचं काय, तिथेही फ्रिक्शनच का?

तिथे मुख्यतः रूळ स्वतःच चाकाला आत ढकलतात, चाकाचा उतरता आकार आणि कडा त्यासाठीच. शिवाय वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवलेला असतो.

बोर्डाला सपाट वळण आणि मौत का कुआ दोन्ही आहेत, सारखेच वाटतात, गोंधळ होतो.

बारावीला पहिल्याच चॅप्टरमध्ये शेजारी शेजारी आहेत म्हणून होतो. फोर्सच्या जागा बदललेल्या आहेत, एवढं बघा. सपाट वळणावर नॉर्मल वजन पेलतो आणि फ्रिक्शन आत ढकलतं. विहिरीत भिंतीचा नॉर्मल आत ढकलतो आणि फ्रिक्शन वजन पेलतं. म्हणून सपाट वळणाला जास्तीत जास्त स्पीड असतो आणि विहिरीला कमीत कमी. ५ मीटर त्रिज्या आणि ०.५ म्यू असेल तर ताशी साधारण ३६ च्या खाली गेला की बाइकवाला खाली येणार. फॉर्म्युल्यात म्यू अंशात (वर) की छेदात (खाली), हे आठवत नसेल तर स्वतःला विचारा, जास्त ग्रिप असल्याने इथे स्पीड जास्त चालेल की कमी पुरेल.

हे घरच्या घरी मोजता येतं का?

येतं, आणि मोजाच. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने केलेलं, त्यात जी वगळून ॲक्सिलरेशन दाखवणारा ऑप्शन आहे. बेस्टच्या बसमध्ये खिडकीशी बसा, मोबाइल मांडीवर सपाट धरा, वरची कड ड्रायव्हरकडे, आणि आडव्या दिशेचा ग्राफ बघा. गाडी स्वतः चालवत असताना हे करू नका, बाजूला बसलेल्याला द्या. वळणावर रीडिंग २ आलं आणि जीपीएसवर स्पीड ताशी ३६ दिसला तर स्पीडचा स्क्वेअर १०० भागिले २, वळणाची त्रिज्या ५० मीटर, फूटपट्टी न लावता मिळाली. रीडिंग ९.८ ने भागलं की किमान किती म्यू लागत होता तेही कळतं, इथे ०.२. इंजिनच्या थरथरीने ग्राफ नाचतो, म्हणून दोन-तीन सेकंदांची सरासरी घ्या, आणि बस वळणावर बाहेरच्या बाजूला कलते त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, तो एकाच वळणावर दोन-तीनदा मोजून बघा.